रासायनिक समतोल आणि वर्गसमीकरणाची दोन उत्तरे

(अकरावी व बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या मार्गदर्शन वर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



स्मरणिकेत सहसा संस्थेच्या कार्याचा आढावा, मान्यवरांचे विचार आणि गुणवंतांचे सत्कार यांना स्थान असते. अशा ठिकाणी रसायनशास्त्रातील एका गणिताविषयी बोलावे असे मला सुचविण्यात आले, याचा मला आनंद आहे. कारण हा विषय दिसायला लहान असला तरी आपल्या मुलांच्या दृष्टीने तो लहान नाही. दहावीला चांगले गुण मिळवून विज्ञान शाखेत गेलेला विद्यार्थी अकरावीच्या पहिल्या दोन-तीन चाचण्यांतच का खचतो, याचा विचार केला तर एक कारण पुन्हा पुन्हा पुढे येते. त्याला सिद्धांत पाठ असतो, सूत्र पाठ असते, पण गणित सोडविताना मध्येच कोठेतरी हात थांबतो. ज्याच्या घरी विचारायला कोणी आहे किंवा ज्याला खाजगी क्लासची फी परवडते, त्याचे निभावते. ज्याच्या घरातून विज्ञान शाखेत जाणारा तो पहिलाच आहे, त्याने कोणाला विचारावे?

म्हणून आज मी सूत्र सांगायला उभा नाही. सूत्र तुम्हाला दहावीतच आले आहे. आलेले उत्तर बरोबर आहे की चूक, हे दुसऱ्या कोणालाही न विचारता कसे ओळखावे, हे मला सांगायचे आहे. रासायनिक समतोलाचे प्रकरण त्यासाठी फार उपयोगी आहे.

समतोल म्हणजे काय?

प्रथम मूळ कल्पना पाहू. काही अभिक्रिया एकाच दिशेने जातात. लाकूड जळाले, राख झाली. राखेचे पुन्हा लाकूड होत नाही. परंतु अनेक अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालतात. त्यांना आपण प्रत्यावर्ती अभिक्रिया म्हणतो. अशी अभिक्रिया बंद भांड्यात चालू ठेवली की काही काळाने सर्व पदार्थांचे प्रमाण स्थिर होते. अभिक्रिया थांबली असा याचा अर्थ नव्हे. एस.टी. स्टँडवर दर मिनिटाला जितके लोक आत येतात तितकेच बाहेर पडत असतील, तर स्टँडवरची गर्दी तेवढीच राहते. पण माणसे मात्र बदलत असतात. समतोलाचेही तसेच आहे. पुढे जाण्याचा वेग आणि मागे येण्याचा वेग सारखा झाला, इतकेच.

हे प्रयोगाने नीट दाखविण्याचे काम फ्रान्समधील मार्सेलँ बेर्तलो आणि पेआँ द सँ-झील यांनी १८६२ च्या सुमारास केले. त्यांनी ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल, आणि इथाइल अल्कोहोल एकत्र ठेवले. यांच्यापासून इथाइल ॲसिटेट आणि पाणी तयार होते. नखांच्या रंगाला जो गोडसर उग्र वास येतो, तो बहुधा या इथाइल ॲसिटेटचा असतो. आम्ल आणि अल्कोहोल समप्रमाणात घेतले, तर कितीही वाट पाहिली तरी सुमारे दोन-तृतीयांशच आम्ल वापरले जाते असे त्यांना आढळले. उलट बाजूने, इथाइल ॲसिटेट आणि पाणी यांपासून सुरुवात केली तरी शेवटी तेच प्रमाण येते.

याला गणिताचे रूप दिले नॉर्वेच्या दोघांनी. काटो गुल्डबर्ग गणिताचे, तर पेटर वागे रसायनशास्त्राचे. दोघे एकमेकांचे नातलगही होते. १८६४ मध्ये त्यांनी वस्तुमानक्रियेचा नियम मांडला. आजच्या भाषेत तो असा : समतोलावस्थेत तयार झालेल्या पदार्थांच्या संहतींचा गुणाकार भागिले अभिकारकांच्या संहतींचा गुणाकार ही संख्या ठराविक तापमानाला ठराविकच असते. समीकरणात एखाद्या पदार्थाचे दोन रेणू असतील, तर त्याची संहती दोनदा गुणायची, म्हणजे तिचा वर्ग घ्यायचा. या संख्येला समतोल स्थिरांक म्हणतात. आपण तो 'के' या अक्षराने दाखवू. या शोधासाठी गणित आणि रसायनशास्त्र दोन्ही लागली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

वर्गसमीकरण येते कोठून?

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हायड्रोजन आणि आयोडीन यांच्यापासून हायड्रोजन आयोडाइड तयार होतो. एक रेणू हायड्रोजन अधिक एक रेणू आयोडीन यांपासून दोन रेणू हायड्रोजन आयोडाइड. या अभिक्रियेचा बारकाईने अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ माक्स बोडेनश्टाइन यांनी १८९० च्या दशकात केला. सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तिचा के सुमारे ५० असतो. आपण तो ५० धरू.

एक लिटरच्या बंद भांड्यात १ मोल हायड्रोजन आणि २ मोल आयोडीन घेतले. समतोलावस्थेत प्रत्येकाची संहती किती?

येथे पुष्कळ विद्यार्थी दिलेले आकडे सरळ सूत्रात घालतात. तेथेच गणित बिघडते. दिलेले आकडे आरंभीचे आहेत, आणि के चे सूत्र समतोलावस्थेतील आकड्यांना लागू पडते. म्हणून आधी तीन ओळींचे कोष्टक मांडावे. ते मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आरंभी : हायड्रोजन १, आयोडीन २, हायड्रोजन आयोडाइड ०.
बदल : हायड्रोजन उणे क्ष, आयोडीन उणे क्ष, हायड्रोजन आयोडाइड अधिक २क्ष.
समतोलावस्थेत : हायड्रोजन (१ − क्ष), आयोडीन (२ − क्ष), हायड्रोजन आयोडाइड २क्ष.

मधल्या ओळीकडे लक्ष द्या. एक रेणू हायड्रोजन खर्च झाला की हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू होतात, म्हणून तेथे २क्ष आहे. के च्या सूत्रात त्याचा वर्ग घ्यायचा आहे. २क्ष चा वर्ग ४क्ष² होतो, २क्ष² नव्हे. मुलांचे सर्वांत जास्त गुण येथेच जातात.

आता सूत्रात घालू :

४क्ष² ÷ [(१ − क्ष)(२ − क्ष)] = ५०

छेद दुसऱ्या बाजूला नेऊन गुणाकार केला की

४क्ष² = १०० − १५०क्ष + ५०क्ष²

सर्व पदे एका बाजूला आणून २ ने भागले की

२३क्ष² − ७५क्ष + ५० = ०

हे झाले वर्गसमीकरण. रसायनशास्त्रात ते बाहेरून आणून बसविलेले नाही. दोन पदार्थ एकाच वेळी कमी होत आहेत आणि त्यांच्या संहतींचा गुणाकार आपण करतो आहोत, म्हणून क्ष चा वर्ग आपोआप येतो.

सूत्र आठवले नाही तर

परीक्षेत घाबरल्यावर सूत्रही आठवत नाही असे अनेक मुले सांगतात. त्यांनी सूत्रापेक्षा त्यामागची युक्ती लक्षात ठेवावी. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. गणिती श्रीधर यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण त्यांचा नियम भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात नोंदवून ठेवला म्हणून तो टिकला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडलेला आहे.

नियम असा : वर्गाच्या सहगुणकाची चौपट करून तिने दोन्ही बाजूंना गुणावे, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. आपल्या समीकरणात करून पाहू.

२३क्ष² − ७५क्ष = −५०

२३ ची चौपट ९२. दोन्ही बाजूंना ९२ ने गुणले, तर उजवीकडे −४६०० येते. मग ७५ चा वर्ग ५६२५ दोन्हीकडे मिळविला. डावी बाजू पूर्ण वर्ग होते :

(४६क्ष − ७५)² = १०२५

आता वर्गमूळ. बोर्डाच्या परीक्षेत गणकयंत्र वापरता येत नाही, म्हणून हेही हाताने करायला शिकावे. ३२ चा वर्ग १०२४. आपल्याला १०२५ चे मूळ हवे, म्हणजे एकच जास्त. ही बाकी दुप्पट ३२ ने, म्हणजे ६४ ने भागावी. १ ÷ ६४ म्हणजे सुमारे ०.०१६. म्हणून वर्गमूळ ३२.०१६. आपल्या कामाला इतके पुरे.

४६क्ष − ७५ = + ३२.०१६ किंवा − ३२.०१६

म्हणून क्ष = २.३२६ किंवा क्ष = ०.९३४.

दोन उत्तरे, भांडे एक

आता खरा प्रश्न येतो. भांडे एकच आहे. त्यात एकाच वेळी दोन प्रकारचा समतोल असू शकत नाही. मग यांतील खरे उत्तर कोणते?

बरेच विद्यार्थी सांगतात, "सर, लहान उत्तर घ्यायचे." काही म्हणतात, "उणे असेल ते टाकायचे." हे दोन्ही नियम कोणीतरी सोयीसाठी सांगितलेले आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. येथे तर दोन्ही उत्तरे धन आहेत.

कोणी म्हणेल, पडताळा घेऊन पाहू. जरूर घ्या. क्ष = २.३२६ घातला तर हायड्रोजन आयोडाइड ४.६५३, हायड्रोजन −१.३२६ आणि आयोडीन −०.३२६. आता भागाकार करा. ४.६५३ चा वर्ग सुमारे २१.६५. छेदात दोन उणे संख्यांचा गुणाकार, म्हणजे अधिक ०.४३३. भागाकार बरोबर ५०! म्हणजे चुकीचे उत्तरही के च्या कसोटीला उतरते. उतरणारच, कारण समीकरण सोडवूनच ते आले आहे. समीकरणाला हायड्रोजन ठाऊक नाही, भांडे ठाऊक नाही. त्याला फक्त संख्या ठाऊक आहेत.

येथे गणिताचे काम संपते आणि रसायनशास्त्राचे सुरू होते. भांड्यात हायड्रोजन १ मोलच होता. त्यातून २.३२६ मोल खर्च कसा होईल? उणे १.३२६ मोल हायड्रोजन ही वस्तू जगात नाही. म्हणून ते उत्तर त्याज्य. ग्राह्य उत्तर ०.९३४. हायड्रोजन ०.०६६, आयोडीन १.०६६ आणि हायड्रोजन आयोडाइड १.८६९ मोल प्रतिलिटर. आकडे पूर्ण ठेवून भागाकार केला तर तोही ५० येतो आणि एकही संहती उणे नाही.

भास्कराचार्यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांच्या बीजगणितात वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली. एक वानर फांदीवर दिसते. तर एकंदर वानरे किती? वर्गसमीकरण सोडविले की दोन उत्तरे येतात : ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, सातचा वर्ग ४९ आणि फांदीवरचे १, मिळून ५०. बरोबर. पाचचे पाहू. पाचवा भाग १, त्यातून ३ गेले उणे २, त्याचा वर्ग ४, आणि १ मिळून ५. हिशेब जुळतो! तरीही भास्कराचार्यांनी हे दुसरे उत्तर नाकारले, कारण एक वानरातून तीन वानरे वजा करता येत नाहीत. अशी उणे संख्या लोक मानीत नाहीत.

ही गोष्ट नीट समजून घ्यावी. पाच ही संख्या धन आहे, तरी ती नाकारली. कारण ती जेथे वापरायची आहे तेथे उणे वानरे निर्माण होतात. आपल्या गणितात २.३२६ धन आहे, तरी ते नाकारले, कारण ते वापरल्यावर हायड्रोजन उणे होतो. वानरांच्या जागी रेणू आले, इतकाच फरक.

क्ष उणे आला तर?

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. समजा, आरंभीच भांड्यात हायड्रोजन १, आयोडीन १ आणि हायड्रोजन आयोडाइड १० मोल प्रतिलिटर आहे. आरंभीच्या आकड्यांचा भागाकार केला तर १०० ÷ १ = १००. हा के पेक्षा, म्हणजे ५० पेक्षा, जास्त आहे. तेव्हा अभिक्रिया मागे जाणार हे आधीच कळते. कोष्टक मात्र नेहमीसारखे मांडले, तर समतोलावस्थेत हायड्रोजन व आयोडीन प्रत्येकी (१ − क्ष) आणि हायड्रोजन आयोडाइड (१० + २क्ष).

येथे अंश आणि छेद दोन्ही पूर्ण वर्ग आहेत. म्हणून सूत्राची गरजच नाही. सरळ वर्गमूळ घ्यावे :

(१० + २क्ष) ÷ (१ − क्ष) = ७.०७

यातून क्ष = −०.३२३. उणे आले म्हणून घाबरून खोडू नका. संहती काढा. हायड्रोजन १.३२३, आयोडीन १.३२३, हायड्रोजन आयोडाइड ९.३५४. सगळ्या धन आहेत. उत्तर बरोबर आहे. क्ष उणे आला याचा अर्थ अभिक्रिया उलट दिशेने गेली, एवढाच.

म्हणून नियम असा करावा : क्ष धन की ऋण हे पाहू नये, क्ष घातल्यावर प्रत्येक पदार्थाची संहती धन राहते की नाही हे पाहावे.

अशी ग्राह्य किंमत एकच असते, याचे कारणही सोपे आहे. पहिल्या उदाहरणात क्ष शून्य असताना डावीकडचा भागाकार शून्य असतो, कारण हायड्रोजन आयोडाइड मुळीच नाही. क्ष वाढत १ च्या जवळ गेला की हायड्रोजन संपत येतो, छेद शून्याकडे जातो आणि भागाकार हवा तेवढा मोठा होतो. मधल्या वाटेत तो फक्त वाढतच जातो. घाट चढताना ५० क्रमांकाचा मैलाचा दगड जसा एकदाच लागतो, तसा हा भागाकार ५० या किमतीवरून एकदाच जातो. म्हणून भौतिक अर्थ असलेले उत्तर एकच.

आकडे बोलतात

आता पुन्हा बेर्तलोंच्या प्रयोगाकडे येऊ. आम्ल आणि अल्कोहोल प्रत्येकी १ मोल घेतले आणि दोन-तृतीयांश वापरले गेले. म्हणजे इथाइल ॲसिटेट २/३, पाणी २/३, आम्ल १/३, अल्कोहोल १/३. भागाकार केला की के = ४. (येथे पाणी हा तयार होणारा पदार्थ आहे, द्रावक नव्हे. म्हणून त्याची संहती सूत्रात लिहावी लागते. पाणी नेहमीच वगळायचे असते, हा गैरसमज ठेवू नये.)

समजा आम्ल महाग आहे आणि ते वाया जाऊ द्यायचे नाही. मग अल्कोहोल दुप्पट, २ मोल घेऊ. समीकरण :

क्ष² = ४(१ − क्ष)(२ − क्ष), म्हणजे ३क्ष² − १२क्ष + ८ = ०

विवेचक १४४ − ९६ = ४८. त्याचे वर्गमूळ काढताना ७ चा वर्ग ४९ आठवावा. एक कमी, म्हणून ७ मधून १/१४ वजा करावे, सुमारे ६.९३. क्ष = (१२ ± ६.९३) ÷ ६, म्हणजे ३.१६ किंवा ०.८४५. आम्ल १ मोलच आहे, म्हणून ३.१६ त्याज्य. उत्तर ०.८४५.

काय झाले ते पाहा. पूर्वी आम्लाचा ६७ टक्के भाग वापरला जात होता, आता ८४.५ टक्के वापरला जातो. एक पदार्थ जास्त घातला की समतोल पुढे सरकतो, हे ल शातलिए यांचे १८८४ मधील तत्त्व तुम्ही वाक्य म्हणून पाठ केलेले असते. तो किती सरकतो, हे वर्गसमीकरण सांगते. कारखान्यात या दोन आकड्यांच्या फरकावर नफा-तोटा ठरतो.

सूत्राची गरज केव्हा नसते?

सूत्र आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी वापरावे असे नाही. पूर्ण वर्ग असेल तेथे सरळ वर्गमूळ घ्यावे, हे आपण पाहिले. दुसरी सवलत के फार लहान असतो तेव्हा मिळते.

ॲसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक ०.००००१८ आहे. त्याचे ०.१ मोलर द्रावण घेतले तर क्ष² ÷ (०.१ − क्ष) = ०.००००१८. क्ष फार लहान असणार, म्हणून छेदातील क्ष सोडून दिला की क्ष = ०.००१३४. हा ०.१ च्या सुमारे १.३ टक्के आहे. पूर्ण सूत्राने ०.००१३३ येते. फरक नगण्य. येथे सवलत घ्यावी.

पण हीच सवलत क्लोरोॲसेटिक आम्लाच्या ०.०१ मोलर द्रावणाला घेतली तर? त्याचा स्थिरांक सुमारे ०.००१४ आहे. छेदातील क्ष सोडला की क्ष = ०.००३७४ येतो. हा ०.०१ च्या ३७ टक्के झाला! ज्याला आपण नगण्य म्हणून सोडले तो तर तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठा निघाला. आता पूर्ण वर्गसमीकरण सोडवावेच लागेल : क्ष² + ०.००१४क्ष − ०.००००१४ = ०. ग्राह्य उत्तर ०.००३११. सवलतीचे उत्तर सुमारे २० टक्के जास्त होते.

येथेही स्वतःची कसोटी आहे. सवलत घेऊन उत्तर काढावे, आणि ते आरंभीच्या संहतीच्या ५ टक्क्यांहून जास्त आले तर सवलत रद्द करून सूत्राकडे वळावे. सवलत घेणे चूक नाही. घेतल्यावर न तपासणे चूक आहे.

आणि सूत्राचीही मर्यादा आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार होतो. आपल्या रायगड जिल्ह्यात थळ येथील खत कारखान्यात हीच अभिक्रिया चालते. तेथे हायड्रोजनचे तीन रेणू लागतात, त्यामुळे समीकरण सर्वसाधारणपणे चौथ्या घाताचे होते आणि आपले सूत्र तेथे चालत नाही. अंदाजाने किंमत घालून ती सुधारत जावे लागते. ते काम आता संगणक करतो. अशा कारखान्यांत वायू एकदा भट्टीतून गेला की साधारण १५ टक्क्यांचाच अमोनिया होतो. उरलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवला जातो. म्हणजे समतोलाचा हिशेब ओळखूनच कारखान्याची रचना केलेली असते. संगणकाने दिलेल्या उत्तरालाही विचारायचे प्रश्न मात्र तेच : सर्व संहती धन आहेत का? के जुळतो का?

विद्यार्थ्यांना सांगणे

मित्रहो, आजच्या विवेचनातून पाच गोष्टी वहीत लिहून घ्या.

१) मोल दिले असतील तर आधी भांड्याच्या लिटरांनी भागून संहती काढा. हायड्रोजन आयोडाइडसारख्या उदाहरणात दोन्ही बाजूंचे रेणू सारखे असल्याने आकारमान कटून जाते. पण फॉस्फरस पेंटाक्लोराइडच्या विघटनात ते कटत नाही.

२) आरंभी, बदल, समतोलावस्था या तीन ओळी मांडल्याशिवाय सूत्राला हात लावू नका.

३) पूर्ण वर्ग आहे का, क्ष सोडता येतो का, हे पाहा. दोन्ही नसेल तर वर्गसमीकरण.

४) दोन्ही मुळे लिहा. कोणते त्याज्य आणि का, हे एका वाक्यात लिहा. उत्तरपत्रिकेतील हे एक वाक्य तुम्हाला विषय समजला आहे हे दाखविते.

५) शेवटी संहती काढून पुन्हा के काढा. संहती धन आणि के बरोबर, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच उत्तर पक्के.

पालकांना आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. आपल्याला हे गणित येत नसेल, तरीही मुलाला मदत करता येते. संध्याकाळी वही पाहताना फक्त विचारा, "उत्तर बरोबर आहे हे तू कशावरून म्हणतोस?" मुलगा किंवा मुलगी ते समजावून सांगू लागली की अभ्यास झाला असे समजावे. "पुस्तकाच्या मागे दिले आहे" एवढेच उत्तर आले, तर अभ्यास अजून व्हायचा आहे. संस्थेच्या अभ्यासिकेत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गाला आठवड्यातून एक तास जरी असा प्रश्न विचारला, तरी त्याचा पुष्कळ उपयोग होईल. त्याला ना मोठा निधी लागतो, ना इमारत.

ज्याला स्वतःचे उत्तर स्वतः तपासता येते, तो दुसऱ्याच्या होकाराची वाट पाहत बसत नाही. घरी विचारायला कोणी नसणे ही मग अडचण राहते, पण अडसर राहत नाही.

जाता जाता एक गणित देतो. ॲसेटिक आम्ल २ मोल आणि इथाइल अल्कोहोल ३ मोल घेतले, के = ४. समतोलावस्थेत चारही पदार्थ किती मोल असतील? ३क्ष² − २०क्ष + २४ = ० हे समीकरण तुम्हाला मिळाले पाहिजे. पुढचे तुम्ही करा. उत्तर मी सांगत नाही आणि या स्मरणिकेत ते छापलेलेही नाही. ते बरोबर आले की नाही, हे ठरविण्याचे साधन आता तुमच्याजवळ आहे.